समुद्राचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरास शास्त्रीय विषयावर बोलण्याचा अधिकार तो काय? परंतु ज्या ज्ञातीस दर्याने पिढ्यानपिढ्या अन्न दिले, तिच्यापुढे त्या दर्याचा हिशेब तपासणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र मांडावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली व ती मी शिरसावंद्य मानली. हे चरित्र वाचताना मला माझीही एक चूक सापडली. ती मी शेवटी कबूल करणार आहे.

डॉ. डॅनियल पॉली यांचा जन्म १९४६ साली पॅरिस येथे झाला. आई फ्रेंच, वडील अमेरिकन सैन्यातील कृष्णवर्णीय शिपाई. बालपण स्वित्झर्लंडमध्ये परक्या कुटुंबात गेले व तेथे त्यांच्या वाट्याला मुलाची माया न येता घरगड्याचे कष्टच आले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांनी ते घर सोडून जर्मनी गाठली. तेथे अपंगांच्या सेवेची नोकरी केली, अपुरे राहिलेले शिक्षण पुरे केले व कील येथील विद्यापीठात मत्स्यविज्ञानाचा अभ्यास आरंभिला. आपल्या घरच्या गरिबीचे कारण सांगून शाळा सोडणाऱ्या मुलांनी हा भाग अवश्य ध्यानात ठेवावा.

विद्या संपादन केल्यावर त्यांचा ओढा गरीब व उष्ण देशांकडे राहिला. प्रथम घाना, मग इंडोनेशिया आणि १९७९ पासून फिलिपाइन्समधील मनिला, असा त्यांचा प्रवास झाला. तेथे एक मोठी अडचण होती. थंड प्रदेशातील माशांच्या कानातील खड्यावर, झाडाच्या खोडात असतात तशी, वर्षावर्षाची वर्तुळे उमटतात व ती मोजून माशाचे वय काढता येते. उष्ण समुद्रात ऋतूंचा फरक अल्प, म्हणून ही वर्तुळे नीट दिसत नाहीत. पॉली यांनी बाजारात व होडीवर मिळणाऱ्या शेकडो माशांची लांबी मोजून, तीवरूनच त्यांची वाढ व मृत्यूचे प्रमाण काढण्याची रीत बसविली. महागड्या यंत्रांवाचून, फूटपट्टी व चिकाटी यांच्या बळावर गरीब देशांतील अभ्यासकांना आपल्या समुद्राचे गणित करता येऊ लागले. पुढे रायनर फ्रोझ यांच्या सहकार्याने त्यांनी जगातील माशांचा 'फिशबेस' नावाचा माहितीकोश उभा केला.

१९९४ साली ते कॅनडातील व्हँकुव्हर येथील विद्यापीठात गेले. त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील कॉड मासा इतका खालावला होता की १९९२ साली तेथील मासेमारी सरकारला बंद करावी लागली व हजारो कुटुंबांचा रोजगार बुडाला. १९९८ साली पॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, माणूस प्रथम मोठे, शिकारी मासे संपवितो आणि मग त्यांचे भक्ष्य असलेल्या लहान माशांकडे वळतो. ह्या निष्कर्षावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले व तो वाद पुष्कळ चालला. आपल्या देशाच्या किनाऱ्याविषयीही ब्रजगीत भठल व पॉली यांचा असाच अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. २०१६ साली पॉली व डर्क झेलर यांनी जगाच्या मासेमारीचा हिशेब नव्याने मांडला. १९९६ साली सरकारी आकड्यांप्रमाणे ८ कोटी ६० लाख टन मासे पकडले गेले होते. त्यांच्या अंदाजे तो आकडा १३ कोटी टन निघाला. लहान होड्यांची पकड, चोरटी मासेमारी व नको म्हणून पुन्हा पाण्यात फेकलेले मासे कोणी नीट वहीत धरलेच नव्हते!

परंतु मला त्यांचा १९९५ सालचा एका पानाचा निबंध सर्वांत थोर वाटतो. त्यात ते म्हणतात की, प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यात पाहिलेल्या समुद्रालाच पूर्ण समुद्र समजते आणि तेथून पुढची घटच तेवढी मोजते. आधी काय गेले, ते हिशेबात येतच नाही. त्यांच्या एका सहकाऱ्याचे आजोबा १९२०च्या सुमारास डेन्मार्कजवळच्या कॅटेगाट समुद्रात बांगड्यासारख्या माशांसाठी जाळी टाकीत. त्यांत प्रचंड ट्यूना अडकले की ते वैतागत, कारण त्यांना गिऱ्हाईक नव्हते! अशा आठवणींना गप्पा न म्हणता पुरावा म्हणून जपावे, असे पॉली यांचे सांगणे.

आता माझी चूक. शाळेत असताना मी 'आमचा समुद्र' हा निबंध घातला होता. एका मुलाने लिहिले, "आजोबांच्या वेळी बारीक पापलेट कोणी घरी आणीत नसे, ते परत दर्यात सोडीत." मी त्या वाक्यावर तांबड्या शाईची रेघ ओढून 'अतिशयोक्ती' असा शेरा मारला. ते आजोबा तेव्हा हयात होते. त्यांच्या ओटीवर जाऊन चार प्रश्न विचारणे मला सुचले नाही. आज ते नाहीत व त्यांचा समुद्र त्यांच्याबरोबर गेला. मजसारख्या शिक्षकाने एक साक्षीदार स्वहस्ते खोडला, ही खंत मला जन्मभर राहील.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, हे योग्यच झाले. परंतु मान देऊन मासा वाढत नाही; पिल्लाला मोठे होऊ द्यावे लागते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे शिकवावे लागले नव्हते.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. ह्या स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांबरोबर दरवर्षी काही पाने वृद्धांच्या आठवणींसाठी राखावीत. कोणता मासा, कोणत्या महिन्यात, किती हात खोल पाण्यात, केवढा मिळे, हे नातवंडांनी विचारावे व तारखेसह लिहून घ्यावे. वहीत नसलेली घट कोणालाच दिसत नाही आणि जी दिसत नाही ती कोणी भरून काढीत नाही.