दक्षिण समुद्रांतील क्रिलचा हंगाम

कोंकणच्या किनाऱ्यावर जवळ्याची रास वाळत पडलेली ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना क्रिल हा प्राणी अगदींच परका वाटणार नाहीं. रूप बरेंचसें तसेंच, पण कूळ निराळें. क्रिलचे कल्ले कवचाखालीं झांकलेले नसून उघडे असतात. दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या समुद्रांतील क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि त्याचें वजन फार तर दोन ग्रॅम भरतें. एवढ्याशा जिवावर देवमासे, सील व पेंग्विन यांचे संसार उभे आहेत.

हा प्राणी सर्वत्र सारखा विखुरलेला नसतो. त्याचा मोठा सांठा अंटार्क्टिक द्वीपकल्प व साउथ जॉर्जिया बेट यांच्या बाजूस आढळतो. आणि तेथेंहि त्याचें ठिकाण ऋतूबरोबर बदलतें. तिकडच्या उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्या थंडीच्या दिवसांत, माद्या किनारा सोडून खोल पाण्याकडे जातात व अंडीं सोडतात. अंडीं शेंकडों मीटर खालीं बुडतात, काळोखांत फुटतात, आणि पिल्लें कित्येक दिवस वर चढत राहतात. जेम्स मार यांच्या १९६२ सालच्या ग्रंथांत या चढणीचें वर्णन आहे. हिवाळ्यांत बर्फाच्या खालच्या अंगास वाढलेलें शेवाळ खरवडून हीं पिल्लें जगतात. मोठा क्रिल मात्र प्रयोगशाळेंत अन्नावांचून दोनशेंहून अधिक दिवस जगलेला आहे. उपासांत तो कात टाकून आकारानें लहान होत जातो. माणसास न साधणारी ही युक्ति!

शरदांत क्रिल पुन्हां किनाऱ्याकडे लोटतो. मे २००९ मध्यें द्वीपकल्पावरील विल्हेल्मिना नांवाच्या आखातांत व त्याच्या आसपास शास्त्रज्ञांनीं सुमारें २० लक्ष टन क्रिल मोजला, आणि त्यावर ताव मारणारे ३०६ कुबडे देवमासे. पूर्वीं या सुमारास बर्फ धरे व क्रिलला आडोसा मिळे. आतां बर्फ उशिरां येतो, आणि देवमाशांची पंगत लांबते.

साउथ जॉर्जियाची स्थिति अधिक नाजूक आहे. तेथें क्रिल बहुतांशीं प्रवाहाबरोबर वाहून येतो. १९८४ व १९९४ च्या उन्हाळ्यांत तो फारच थोडा आला, आणि पेंग्विन व सील यांचीं पिल्लें उपाशीं मेलीं.

याच पाण्यांत मनुष्याचीं जाळींहि पडतात. नैर्ऋत्य अटलांटिकांतील या टापूसाठीं वर्षास ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. २०१९ सालच्या पाहणीप्रमाणें तेथील सांठा ६ कोटि टनांहून अधिक भरला. त्या मानानें ही मर्यादा अल्पच. परंतु पिल्लासाठीं घांस आणावयास निघालेली पेंग्विन सबंध समुद्राची बेरीज करीत नाहीं. तिला घरट्याजवळच्या पाण्यांत क्रिल हवा असतो. हें ध्यानीं घेऊन २००९ सालीं ही मर्यादा चार विभागांत वांटण्यांत आली, व द्वीपकल्पाच्या वांट्यास १,५५,००० टन ठेवले गेले. २०२४ सालीं या वांटणीची मुदत संपली, आणि ती वाढविण्यावर संबंधित राष्ट्रांचें एकमत झालें नाहीं. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबरअखेरपर्यंत चालावयाची मासेमारी ऑगस्ट २०२५ मध्यें मर्यादा गांठल्यामुळें बंद करावी लागली.