माझा पहिला तास

आज मी माझ्या आवडीविषयी बोलणार आहे. मला ट्रॅक्टरनं रान नांगरायला आवडतं. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

खुरपणी, वेचणी, काढणी मी लग्नापासून करते. सगळी कामं कंबर वाकवून. यंत्रावर बसून करायचं काम मात्र गड्याचं. सासूबाई तर म्हणायच्या, बाईनं नांगराला हात लावू नये, पाऊस रुसतो.

चार वर्षांपूर्वी हरभरा निघाला आणि अवकाळी पाऊस झाला. दोन दिवसांनी रानाला छान वाफसा आला. मालकांची कंबर धरलेली. भाड्याचा ट्रॅक्टरवाला रोज म्हणायचा, "उद्या येतो." काळं रान कुणासाठी थांबत नाही. आठ दिवसांत ते दगडासारखं झालं. नंतर नांगरलं, तर डोक्याएवढी ढेकळं निघाली. त्या दिवशी मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्या ट्रॅक्टरवर मला शिकवा."

भाऊजींनी आधी मोकळ्या माळावर गाडी चालवायला लावली. पुढं वाहन परवाना काढला, मग नांगर. ते मडगार्डवर बसले नाहीत, बांधानं चालत राहिले. ट्रॅक्टरवर सीट एकच असते, दुसऱ्यानं बसायचंच नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा, "वहिनी, चाकाकडं बघू नका. समोरच्या बांधावरची बाभळ बघा." पहिला तास सरळ निघाला की पुढचं रान सरळ जातं, कारण एका बाजूचं चाक आधीच्या तासातून चालवायचं असतं.

माझा पहिला तास सापासारखा वाकडा निघाला. पण मागं वळून बघितलं आणि डोळे भरून आले. वीतभर खोलीची काळी माती उलटून पडली होती. तिचा वास, आणि मागं बगळ्यांची रांग! उलटलेल्या मातीतल्या अळ्या, किडे ते टिपत होते. उरलेल्या अळ्या-अंडी उन्हात मरतात. उन्हाळी नांगरटीचा हाच फायदा.

आता मला इंजिनाचा आवाज कळतो. नांगर जास्त खोल गेला की आवाज जड होतो, मग लिव्हरनं तो थोडा उचलायचा. संध्याकाळी बांधावर बसून नांगरलेलं रान बघते, तेव्हा जेवणाचीही आठवण राहत नाही.

शिकणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर थांबा. पदर, ओढणी, मोकळी वेणी ट्रॅक्टरजवळ नको. रोटाव्हेटरचा फिरणारा दांडा कापड क्षणात ओढून घेतो, म्हणून यंत्र बंद केल्याशिवाय जवळ जायचं नाही. नांगर दगडाला अडकून पुढची चाकं उचलली, तर लगेच क्लच दाबा. आणि रस्त्यावर येण्याआधी डावा-उजवा ब्रेक एकत्र जोडून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला वळते.

अजून एक. महाडीबीटीवर शेती अवजारांच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो. पण माझ्या वेळी त्याला सातबारा लागायचा. मी अर्ज करायला बसले, तेव्हा कळलं की माझं नाव कुठंच नाही. इतकी वर्षं राबले त्या रानात! मालकांशी बोलले. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "नांगरतेस तू, तर नाव का नको?" आता एक एकर माझ्या नावावर आहे.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या वर्षी नांगरटीच्या दिवशी ट्रॅक्टरला हळदकुंकू त्यांनीच लावलं.

पुढच्या बैठकीत गटातल्या बायकांना एकच विचारा, तुमच्यापैकी कुणाला शिकायचंय? माझ्या गटात तीन हात वर झाले होते.