प्रयोगशाळेतून जाहिरातीच्या टेबलाकडे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



श्रीगजाननाला वंदन करून आम्ही दोघे आपल्यासमोर उभे आहोत. भाषण एकाच्या तोंडून होईल, पण ते लिहिले आहे दोघांनी. आमचा संसार आणि व्यवसाय दोन्ही एकत्रच चालतात, तेव्हा इथेही ‘आम्ही’च म्हणू.

विषय कार्यकर्त्यांनीच सुचवला. दोघेही एम.एस्सी., एक रसायनशास्त्रात, एक भौतिकशास्त्रात. दहा-बारा वर्षे प्रयोगशाळेत काढली आणि मग चांगली नोकरी सोडून जाहिराती लिहायला बसलो. हे कसे काय झाले, ते सांगा, म्हणाले. आमच्या एका आजोबांना तर ‘कॉपीरायटर’ या शब्दाचाच धसका बसला होता. “एवढे शिकून आता कॉपी करणार?” असे त्यांनी विचारले. कॉपी म्हणजे जाहिरातीतला मजकूर, आणि तो लिहिणारा कॉपीरायटर, हे त्यांना समजावता समजावता दोन चहा झाले.

त्यांचा धसका आम्हाला कळतो. होळकरांच्या बरोबर आपली घरे माळव्यात आली. कुणी फौजेत, कुणी दफ्तरात, कुणी देवस्थानात. संस्थानी नोकऱ्यांचे दिवस सरले तसे आपल्या लोकांनी शिक्षण धरले. १८९१ मध्ये होळकर कॉलेज निघाले, १९४८ मध्ये मेडिकल कॉलेज, १९५२ मध्ये एसजीएसआयटीएस. पुढे १९८० च्या दशकात लेसरच्या संशोधनाचे मोठे केंद्रही इंदूरला आले. वाडे विकले गेले, जमिनी गेल्या, पण ‘मुलगा सायन्सला आहे’ हे वाक्य घराला आधार देत राहिले. तो आधार कुणी हातचा सोडला, तर मोठ्यांना काळजी वाटणारच.

पण या वाटेने गेलेले आम्ही पहिले नव्हेत. जॉन केपल्स हे नाव जाहिरातीच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेच्या नौदल अकादमीत शिकलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या टेलिफोन कंपनीत इंजिनियर होता. १९२५ च्या सुमारास ते काम सोडून तो जाहिराती लिहू लागला. घरबसल्या पियानो शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी त्याने लिहिलेली जाहिरात आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. पियानोवर बसलेल्या माणसाला आधी सगळे हसतात आणि तो वाजवू लागला की थक्क होतात, एवढीच तिची गोष्ट. पण त्याचे मोठे काम पुढचे आहे. कोणता मथळा चालतो, हे तो मोजून ठरवायचा. जाहिरातीखाली कापून पाठवायचे कूपन असे आणि त्यावर खुणेचा क्रमांक. कोणत्या मथळ्याची किती कूपने परत आली ती मोजायची, की निकाल समोर. त्याच्या आधी, १९२३ मध्ये क्लॉड हॉपकिन्सने याच पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि त्याचे नावच ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ ठेवले. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि मग मोजायचे. प्रयोगशाळेत आम्ही दुसरे काय करत होतो?

मराठीत बघायचे तर डॉ. बाळ फोंडके यांचे उदाहरण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी वीसेक वर्षे संशोधन केले आणि मग ‘सायन्स टुडे’ या मासिकाचे संपादकपद स्वीकारले. पुढे दिल्लीला सीएसआयआरच्या प्रकाशन विभागाचे ते संचालक झाले. त्यांनी जाहिराती लिहिल्या नाहीत, विज्ञान लिहिले. पण भरल्या हातांनी प्रयोगशाळा सोडून शब्दांकडे जाता येते, हे त्यांनी दाखवले. आणि आपल्या इंदूरच्या मराठी घरातला स्वानंद किरकिरे! गीतलेखनासाठी त्याला दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला एक ‘थ्री इडियट्स’साठी, आणि त्या सिनेमात इंजिनियरिंगचा एक मुलगा कॅमेरा हातात घेतो. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवत तो पाहिला. आपल्याच घरातला मुलगा तसे म्हणाला, तर मात्र आपण आधी पंखा बंद करून त्याला समोर बसवतो.

आता आमच्या कामाविषयी. एका फरसाणवाल्यांकडे गेलो होतो. त्यांनी आधीच मजकूर लिहून ठेवला होता, ‘उत्तम, शुद्ध, स्वादिष्ट’. असे तर गल्लीतले प्रत्येक दुकान म्हणते. आम्ही विचारत बसलो. बेसन कुठले, तेल किती वेळा तापते, उरलेल्या शेवेचे काय करता? शेवटच्या प्रश्नावर शेठजी म्हणाले, “उरते कुठे? दिवसाला खपेल तेवढीच तळतो.” जाहिरात तिथेच मिळाली. ‘आज बनी, आज बिकी’ एवढेच लिहिले, हिंदीतच, कारण गिऱ्हाईक हिंदी. शोभेचा एकही शब्द नाही, फक्त खरी असलेली एक गोष्ट. ती हुडकायला कारागिराला प्रश्न विचारावे लागतात, आणि प्रश्न विचारायची सवय आम्हाला शास्त्राने लावली.

याच सवयीने एकदा मोठी परीक्षाही घेतली. धंद्याचे दुसरे वर्ष होते. पहिल्या वर्षीची कमाई जुन्या पगाराच्या एक तृतीयांशही नव्हती, घराचे हप्ते चालू होते, मुलगी शाळेत. अशात एक गृहस्थ चूर्णाचे काम घेऊन आले. तोवर कुणी देऊ केले नव्हते एवढे मानधन, निम्मे आगाऊ. मजकूर असा हवा होता की मधुमेह मुळापासून जातो, इंजेक्शन सुटते. आम्ही विचारले, किती रुग्णांना दिले, साखर कधी मोजली, कुणी मोजली? उत्तर आले, “आपको लिखना है कि जाँचना है?”

आमच्या घरात दोन माणसे इन्सुलिनवर आहेत. असा कागद वाचून एखाद्याने ते बंद केले तर काय होते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. शिवाय १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायला त्यात बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण खरे सांगायचे तर त्या रात्री कायद्याची चर्चा झाली नाही. हप्त्याची झाली. सकाळी आम्ही नाही म्हणून कळवले आणि त्या महिन्याचा हप्ता बचतीतून भरला. शास्त्राची नोकरी सोडली होती, शास्त्र सोडायचे नव्हते. तो फरक आम्हाला त्या दिवशी नीट कळला.

यात गमावलेही काही. शोधनिबंध पन्नास वर्षांनी कुणी उघडून पाहू शकतो; आमच्या जाहिरातीत दुसऱ्या दिवशी पोहे बांधून मिळतात. उपकरणाचा आकडा स्थिर होण्याची वाट पाहतानाची ती शांतताही आता नाही. त्याची आठवण येते, आणि ती येऊ द्यावी.

इथे बसलेल्या आईवडिलांना एवढेच सांगू. मुलाने विषय काढला तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. दोन वर्षांच्या खर्चाची सोय आहे का? नव्या कामाचा काही नमुना, नोकरी सांभाळून का होईना, करून पाहिला आहे का? आणि कंटाळा विषयाचा आला आहे की तिथल्या माणसांचा? माणसांचा असेल तर जागा बदलून भागते. आम्ही दोघांनी एकदम नोकरी सोडली नाही. एकाचा पगार चालू ठेवून दुसरा बाहेर पडला, दीड वर्षाने दुसरा.

व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे ठरले, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लेखणी थांबणार नाही, अशी गणपतीची अट. त्यावर व्यासांची अट, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही उतरवायचे नाही. लिहून पोट भरणाऱ्याला याहून चांगला नियम आम्हाला सापडलेला नाही. चौदा विद्या आणि चौसष्ट कला, दोन्हींचा अधिपती तोच. तेव्हा विद्येच्या घरातून कलेच्या घरात गेलेले मूल परक्याच्या दारी गेले, असे समजू नये.

आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!