थोड्या पैशांत विमानविद्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



शिक्षिकेच्या पगारात मी विमान चालवायला कशी शिकले, हे सांगण्याची मला आज्ञा झाली आहे. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून एकटीने ‘जिप्सी मॉथ’ उडवले. तेव्हा त्यांना चार वर्षांची मुलगी होती. हे वाचून मला धीर आला.

खासगी परवान्यासाठी निदान ४० तास उड्डाण लागते आणि पैसे तासावर मोजतात. पैसे साठतील तशी मी महिन्यातून एकदा जाई. विसरलेले आठवण्यातच तास सरे. एकाच धड्याचे पैसे दोनदा जात. विमान नीट उतरवणे जमेना. पाटल्या मोडायच्या की नाद सोडायचा, असा प्रश्न पडला.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, दर पोळीला तवा नव्याने तापवशील तर इंधनच संपेल!”

मी दोन वर्षे थांबले. भिशी लावली. हवामान, दिशाज्ञान यांची पुस्तके घरीच वाचली. रात्री स्टुलावर बसून, लाटणे हाती धरून विमान उतरवण्याचा क्रम पाठ केला. त्याला पेट्रोल लागत नाही!

पुढच्या सुटीत रोज सकाळी उडाले. एके दिवशी प्रशिक्षक खाली उतरले. म्हणाले, “आता एकट्या जा.” हलके झालेले विमान भराभर चढले. लाटण्याबरोबर घोकलेला क्रम मोठ्याने म्हणत मी सुखरूप उतरले.

पाटल्या अजून हातात आहेत. भगिनींनो, विद्या कोणतीही असो, पैसा थोडा असेल तर आधी साठवा, मग सलग शिका.