अननसाचे काटेरी भाऊबंद



नर्सरीवाला काटेरी, चंदेरी पानांचं एखादं रोप हातात ठेवतो आणि नाव विचारलं की म्हणतो, "शोचं झाड आहे, घेऊन जा." घरी आणलं की शेजारचे आबा ठामपणे सांगतात, हे केकताडाचं पिल्लू. सासूबाईंच्या मते ती कोरफडीचीच जात. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. हे रोप ब्रोमेलियाड कुळातलं असतं, म्हणजे अननसाच्या भाऊबंदांपैकी. या कुळात तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर सगळ्यांचं माहेर अमेरिका खंडात.

काट्यांवरून ओळख ठरवायला जाऊ नका. अननसातच बघा ना, क्वीन जातीच्या पानांना कडेनं काटेच काटे, तर क्यू जातीची पानं टोकाकडचा भाग सोडला तर जवळजवळ बिनकाट्याची. त्यापेक्षा खालचं एखादं जुनं पान कापून पाहा. कोरफडीतून बुळबुळीत गर आणि सालीलगत पिवळा कडू चीक निघेल. केकताडाच्या पानातून दोरखंडाचे चिवट धागे निघतील, आणि त्याच्या टोकाला दाभणासारखा एकच मोठा काटा असतो. डायकिया नावाचं ब्रोमेलियाड वेगळं. त्याचे काटे कडेनं असतात आणि आकड्यासारखे वळलेले. त्यात बोट सहज जातं, बाहेर काढताना मात्र रक्त निघतं.

खरी खूण फुलावर येते. केकताडाचा दांडा मधोमध, शेंड्यातून उठतो. एकदा फुललं की ते झाड संपलं. बांधावर वाळून उभे राहिलेले ते उंच दांडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. डायकियाचा दांडा बाजूनं येतो, त्यावर पिवळी-नारिंगी फुलं लागतात आणि झाड पुढंही जगतं. मेक्सिकोकडचं हेक्टिया दिसायला अगदी डायकियासारखंच, पण त्यात नर आणि मादी फुलांची झाडं वेगवेगळी. फुलं येईपर्यंत या दोघांत जाणकारही अडखळतात, त्यामुळं नर्सरीवाल्याला फार बोल लावू नये.

ब्रोमेलियाडमधला दुसरा प्रकार एक्मियाचा. याची पानं बुडाशी एकमेकांत घट्ट बसून मधे वाटी तयार होते आणि त्यात पाणी साठतं. पानांवरचे चंदेरी पट्टे म्हणजे बारीक खवले, पाणी शोषायची सोय. धूळ समजून ते फडक्यानं पुसणारी स्वच्छ माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून पुसू नका.

आता आपल्या करकंब गावचं. ऊन कडक आहे म्हणून ही झाडं जगणार नाहीत, असं लोक म्हणतात. डायकिया ऊन सोसतं. एक्मियाला एप्रिल-मेमध्ये सावली लागते, आणि डाळिंबावर जुन्या साड्या पांघरणाऱ्या आपल्या जिल्ह्याला सावली कशी करायची हे शिकवायला नको. खरी अडचण आहे माती, पाणी आणि फवारणीची.

काळी माती कुंडीत भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. जाडसर मुरूम, विटांचे तुकडे आणि थोडा नारळाचा भुसा पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर एक्मियाच्या वाटीत क्षारांचा पांढरा थर बसतो. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि तेच घाला. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी वाचवावंसं वाटतं, पण त्यात क्षार उलट जास्त असतात. शिवाय त्या वाटीत डास अंडी घालतात. आठवड्याचा कोरडा दिवस हौदाबरोबर या कुंडीलाही लागू करा, पाणी ओतून टाका आणि ताजं भरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोरचूद. आपल्याकडं द्राक्षावर केवडा येतो, डाळिंबावर तेल्या येतो आणि मोरचुदाच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. त्यातलं तांबं ब्रोमेलियाडला विषासारखं आहे. वाऱ्यानं उडालेली फवार अंगणात आली किंवा मोरचुदाचा पंप नुसता विसळून त्यानंच कुंडीला पाणी दिलं, तरी शेंडा काळा पडून सडतो. लोक त्याला बुरशी समजतात आणि त्यावर पुन्हा तांब्याचंच बुरशीनाशक मारतात! या झाडांसाठी वेगळा डबा ठेवा. बागेत फवारणी असेल त्या दिवशी कुंड्या पडवीत घ्या. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणीही यांना घालू नका, ते आपल्यालाच असू द्या.

एक्मिया मोठी झाली तरी फुलत नसेल तर एक गंमत करा. वाटीतलं पाणी काढा, पिकलेल्या सफरचंदासह झाडाला प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस बांधून सावलीत ठेवा. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू झाडाला फुलायला लावतो. 19व्या शतकात अझोर बेटांवरच्या काचघरांत धुरामुळं अननस लवकर फुलतात हे माळ्यांच्या लक्षात आलं, त्यामागंही हाच वायू होता. काही आठवड्यांत गुलाबी काटेरी फुलोरा वर येतो आणि त्यात बारीक निळी फुलं दिसतात. त्यानंतर आईझाड हळूहळू वाळतं. ते लगेच उपटू नका, बुडाशी पिल्लं धरतात. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की धारदार सुरीनं वेगळं करा. हाताला गोणपाट गुंडाळून घ्या.