वेंकटरामन यांचा एच-इंडेक्स किती?

(वसंत व्याख्यानमाला, रोहा : व्याख्यानाचा संपादित भाग)



सेंद्रिय रसायन म्हणजे काय, हे रोहेकरांना मी काय सांगणार? धाटावच्या एमआयडीसीकडून वारा सुटला की ते तुमच्या घरात येतंच. कुंडलिका नदीकाठच्या माणसाचं या विषयावर फारसं प्रेम नसणार, हेही मला ठाऊक आहे. तरीही आज मी कृष्णस्वामी वेंकटरामन या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाबद्दल बोलणार आहे.

जन्म 1901, मद्रास. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि पुढे लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवलं. ज्या कामानं त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं, ते तिथलं. एका अ‍ॅरोमॅटिक कीटोनमधल्या हायड्रॉक्सी गटाच्या ऑक्सिजनवर अ‍ॅसिल गट बसवायचा आणि त्यात बेस घालायचा. तो गट ऑक्सिजन सोडून जवळच्या कार्बनवर जाऊन बसतो. मग आम्ल घातलं की वलय मिटतं आणि फ्लेवोन मिळतो. कितीतरी पिवळ्या वनस्पती-रंगद्रव्यांचा सांगाडा हाच. महाल या सहकाऱ्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध 1934 चा. इंग्लंडात विल्सन बेकर यांनी 1933 मध्ये स्वतंत्रपणे हेच दाखवलं होतं, म्हणून नाव पडलं बेकर–वेंकटरामन पुनर्रचना.

1938 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे, प्रमुख झाले आणि 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. पुढे या प्रयोगशाळेची धुरा बाळ दत्तात्रेय टिळकांनी सांभाळली. कृत्रिम रंगांवरचा वेंकटरामन यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1952 मध्ये निघाला. रंगांच्या धंद्यात त्याला मान होता.

आता आजचा हिशेब. हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये संशोधकाचं काम एका आकड्यात मोजणारा एच-इंडेक्स काढला. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना 40, 12, 7, 4 आणि 2 सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या निबंधांतले उल्लेख, आहेत. किमान चार सायटेशन्स असलेले निबंध चार, म्हणून इंडेक्स चार. आणि ज्याचा एकच निबंध हजार वेळा उद्धृत झाला, त्याचा? एक!

वेंकटरामन यांच्या बाबतीत गंमत अशी की आज ही पुनर्रचना वापरणारे कितीतरी जण नुसतं नाव लिहून मोकळे होतात. 1934 चा मूळ निबंध तळटीपेत येतोच असं नाही. काम सर्वांच्या अंगवळणी पडलं की मोजणीतून गळतं. कारखान्यातली सुधारलेली प्रक्रिया, घडवलेले विद्यार्थी, हे तर त्या मोजणीत कधी नव्हतंच.

सायटेशन निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. कुणाचं काम कोण वाचतं, हे त्यातून कळतं. पण बढतीसाठी आकडा मागितला की आकडा तयार होतो : मित्र मित्राला उद्धृत करतो, पैसे घेऊन छापणारी मासिकं निघतात. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून यायलाच हवा, ही अट विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) 2022 मध्ये काढली. ते बरं झालं.

पेण-रोह्याच्या कॉलेजांतून एमएस्सी करून पीएचडीकडे वळणारी मुलं इथे बसली आहेत. मार्गदर्शक निवडताना आकडा जरूर बघा. पण त्यांचे दोन निबंध वाचा, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि मगच अर्ज भरा.