'पाहा' या शब्दाविषयी



आमच्या तालुक्याच्या वाचनालयात खिडकीलगतच्या भिंतीशी सागवानी खणांचे एक कपाट आहे. त्या खणांत 5 इंच लांब व 3 इंच रुंद अशी जाड कागदाची पत्रे अनुक्रमाने उभी रचलेली असून, प्रत्येक पत्रावर ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, वर्गांक आणि दाखलअंक एवढाच मजकूर असतो. मात्र काही पत्रांवर कोणत्याच ग्रंथाचा वर्गांक नाही. तेथे एक नाव, पुढे 'पाहा' हा शब्द, आणि त्यापुढे दुसरे नाव, इतकेच लिहिलेले असते. आजचे माझे बोलणे या पत्रांविषयी आहे.

मी ग्रंथपालाच्या कामावर रुजू झालो तेव्हा अशी पत्रे आमच्या दप्तरी नव्हती. एका श्रावणात, दुपारच्या सामसुमीच्या वेळी, एक पोक्त बाई आल्या आणि त्यांनी बाळूताई खरे यांचे एखादे पुस्तक आहे काय, अशी पृच्छा केली. मी 'ख'चा खण काढला, पत्रे चाळली आणि नाही म्हणून सांगितले. बाई काही न बोलता परतल्या. पुढे कित्येक महिन्यांनी एका लेखात मला वाचावयास मिळाले की, बाळूताई खरे, विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर आणि ज्या नावाने 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध होऊन महाराष्ट्रभर खळबळ उडाली त्या विभावरी शिरूरकर, या तिघी एकच होत. ते पुस्तक त्या दिवशी आमच्या फडताळात होते. 'शिरूरकर' या नावाखाली त्याची नोंदही रीतसर झालेली होती. बाईंना ठाऊक होते ते माहेरचे नाव, माझ्यापाशी होते ते टोपणनाव, आणि या दोहोंमध्ये एका पत्राची वाण होती. ते पत्र मी त्याच सायंकाळी लिहिले. बाई पुन्हा आल्या नाहीत, याची खंत मला आजही वाटते.

आपल्या भाषेत हे काम विशेष नाजूक आहे, कारण आपल्याकडे नावाची वहिवाट एकपदरी नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून लिहिली आणि विनोद 'बाळकराम' म्हणून लिहिला. तेव्हा एकाच इसमाचा ठाव तीन नावांखाली लागला पाहिजे. शिरवाडकरांची नाटके मागणारा वाचक आणि कुसुमाग्रजांची 'विशाखा' मागणारा वाचक हे दोघे एकाच घरी निघालेले असतात, परंतु निरनिराळ्या दारांनी. संतांची गोष्ट आणखी वेगळी. समर्थांना 'ठोसर' या आडनावाखाली दाखल करणे नियमाला धरून होईलही; पण कोणता भाविक 'दासबोध' मागताना नारायण सूर्याजी ठोसर असे म्हणेल? तेथे आडनावाचा शिरस्ता बाजूस ठेवून मी 'रामदास' हेच नाव मुख्य मानले आणि 'ठोसर'खाली 'पाहा' लिहिले.

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत तर प्रश्न अक्षराचाच आहे. शाळेत मूल वर्णमाला घोकते तेव्हा 'ज्ञ' अगदी शेवटी येतो. व्याकरण सांगते की तो ज् आणि ञ यांचा संयोग, म्हणून त्याचे स्थान 'ज'मध्ये. मी व्याकरणाचा पक्ष घेतला, तथापि शेवटच्या खणाच्या तळाशी एक पत्र ठेवले, कारण लहान मुले तेथेच शोधतात, आणि मुलाने शोधून थकावे असे वाचनालयात काहीही असू नये.

याच्या उलट अडचणही असते. 'नामा' ही मुद्रा ज्या अभंगांवर आहे, ते सारे ज्ञानदेवकालीन नामदेवांचे नाहीत. विष्णुदास नामा हा उत्तरकालीन कवी वेगळा, आणि दोघांच्या रचना जुन्या संग्रहांत एकमेकींत मिसळून गेलेल्या. अशा ठिकाणी पत्राने वाचकाला एका घरी पोचविण्याऐवजी वाट दुभंगते एवढे सांगून थांबावे, हे मला अभ्यासकांच्या सहवासात उमगले.

रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे. वेळेच्या बचतीचा विचार मला मान्यच आहे, परंतु त्या श्रावणातल्या दुपारपासून मला अधिक जाणवते ती वाचकाची भीड. नाही असे उत्तर मिळाल्यावर दुसऱ्यांदा विचारण्याचे धैर्य फार थोड्यांना असते, आणि त्यातही बाया, मुले व मजुरी करून सायंकाळी येणारी माणसे पहिल्या नकारानेच मागे फिरतात. म्हणून कोणी चुकीचे नाव घेऊन आला तरी मी ते चुकीचे म्हणत नाही. त्या चुकीचेच एक पत्र करतो. आज आमच्या खणांत अशी शेकडो पत्रे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ वाचकांनीच मला नकळत लिहावयास लावली आहेत.

एका पत्राचे काम मात्र राहिले आहे. आमच्या जुन्या संग्रहात बायकांच्या शिक्षणाविषयीचे एक लहानसे पुस्तक आहे. मुखपृष्ठावर कर्त्याच्या जागी 'एक स्त्री' एवढेच छापलेले. 'ए'च्या खणात मी तिचे पत्र ठेवले आहे, त्यावर 'पाहा' लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे, आणि 'पाहा' हा शब्द शिसपेन्सिलीने लिहिला आहे. टाक आणि दौत त्याच कपाटावर ठेवलेली असते.